सहाशे न्यूटन

फिटरने छतात भोक पाडले, ड्रिल बंद केले आणि स्टुलावरूनच हात खाली केला.

"ताई, तो हुक द्या."

तिने हुक उचलला. देता देता त्यावर कोरलेले बारीक अक्षर वाचले आणि हात तसाच मागे घेतला.

"हा नाही चालणार. सहाशेचाच आहे."

"मग? आप्पा काय सहाशे किलोचे आहेत का?"

"सहाशे न्यूटन. किलो नव्हे." सकाळपासून शाळेत तिने हेच सांगितले होते, आवाजात आता जीव नव्हता. "किलो म्हणजे वस्तुमान, न्यूटन म्हणजे वजन. साधारण दहाने गुणायचं. आप्पा अठ्ठ्याहत्तर, म्हणजे पावणेआठशेच्या पुढे. तुटेल हा."

पलंगावर आप्पांनी डोळे न उघडताच हुंकार भरला. मालट्रकच्या स्टिअरिंगवर उभा जन्म काढलेला माणूस. आपल्याला हलवायचे तर चार गडी लागतात, हे ते कौतुकाने सांगत. वर्षभर ती त्यांना एकटीच खुर्चीत बसवत होती. दिवसेंदिवस ते जड होत चालले होते; आता तिची कंबर साथ देईना, म्हणून हा पट्ट्यांचा झुला बसवायचा होता.

"पण वजन केलं कधी होतं?" फिटर खाली उतरला.

तिने आठवून पाहिले. आप्पा अंथरुणाला खिळण्याआधी, दवाखान्यात.

तिने पलंगाखालचा वजनकाटा पायाने पुढे ओढला. आप्पांच्या पाठीखाली हात घातला, नेहमीसारखे दात आवळले आणि त्यांना उचलून काट्यावर उभी राहिली. फिटर गुडघ्यावर वाकला.

"एकशे चार."

तिचे छप्पन्न. वजाबाकी झाली, आणि ती काट्यावरून उतरायची विसरली. आप्पांचे डोके तिच्या खांद्यावर होते. इतके दिवस जे वाढत होते ते त्यांचे नव्हतेच तर.

"एकशे चार?" आप्पांनी डोळे उघडले. "त्यात तू किती नि मी किती?"

"माझं कसलं आलंय वजन, आप्पा? सगळे तुम्हीच."

"वाटलंच मला," आप्पा म्हणाले. त्यांच्या मिशीखाली काहीतरी हलले.

तिने त्यांना सावकाश निजवले, पांघरूण सारखे केले. ते सारखे करायला तिला बराच वेळ लागला. फिटर हुक हातात घेऊन दाराशी उभा होता. ती जवळ आल्यावर तो दबक्या आवाजात म्हणाला,

"तुमचं पंचावन्न धरलं तरी आप्पांचं पाचशेच्या आतच बसतंय की हो ताई. मग हाच लावू ना?"

तिने पलंगाकडे पाहिले. आप्पा जागे होते.

"छे, हा कसला पुरतोय त्यांना!" ती मोठ्याने म्हणाली. "दुकानात असेल तो सगळ्यात दणकट आणा."

फिटरने एकदा तिच्याकडे पाहिले आणि चपला पायात सरकवल्या.