पुढची सीट

दुबईत उमेदीची वर्षं पाहुण्यांना वाळूच्या टेकड्यांवरून फिरवण्यात घालवून मन्सूर पावसला परतला आणि इथेही त्याने तोच धंदा मांडला. जीप जुनी, पण सडा हाताशी होता. मैलभर काळा कातळ आणि त्यात जांभ्याचे चिरे काढून काढून पोखरलेल्या सोडलेल्या खाणी. दोन्हीकडे सरळसोट लाल भिंती, मधून जेमतेम गाडीपुरती वाट आणि तळाशी हिरवं पाणी. ‘कोकणातलं वाळवंट’ अशी पाटी लावल्यावर पुण्याची माणसं उन्हात भाजून घ्यायला आपण होऊन यायला लागली. हौसेला मोल नसतं म्हणतात, ते खोटं नाही.

पाहुण्यांना एक गोष्ट ठाऊक नव्हती, ती एकट्या त्याच्या बायकोला, खतिजाला ठाऊक होती. साखरेने तिच्या नवऱ्याचा डावा डोळा खाल्ला होता. म्हणून दर फेरीला ती पुढे, त्याच्या डाव्या हाताला बसायची आणि अखंड बडबडायची. “ही डावीकडं करवंदाची जाळी बघा. हितं दगड कसा पुढं आलाय बघा.” पाहुण्यांना वाटे, बाई मोठी हौशी आहे. मन्सूर त्या बोलण्यावर स्टिअरिंग वळवायचा. लबाडीच होती ती, पण मुलाचं, उमेरचं कॉलेज त्या लबाडीवर चाललं होतं.

त्या दिवशी खाणीच्या उतरणीशी आल्यावर पुण्याच्या मनस्वीने जीप थांबवायला लावली.

“काकी, मी पुढे बसू? व्हिडिओ करायचाय.”

“नको गो बाय, पुढं ऊन लागंल तुला.” खतिजाने नवऱ्याकडे पाहिलं.

“बसू दे तिला,” मन्सूर हसून म्हणाला. “वाट माझ्या पायाखालची हाय.” गिऱ्हाइकापुढे त्याला कमीपणा नको होता.

खतिजा मागे मनस्वीच्या नवऱ्याजवळ, स्वरूपजवळ जाऊन बसली. जीप उतरू लागली तशा भिंती वर चढत गेल्या, आभाळाची नुसती पट्टी उरली. वरच्या सड्यावर टिटव्या ओरडत होत्या, इथे एक पाखरू नव्हतं. तिने नेहमीसारखी सुरुवात केली, “डावीकडं बघा...”

मनस्वीने वळून ओठांवर बोट ठेवलं. “काकी, प्लीज. व्हिडिओत तुमचा आवाज येतोय.”

खतिजा गप्प झाली. जिवावर बेतायची वेळ आणि आपण भिडेखातर गप्प बसतो, याचा तिला तिथल्या तिथे संताप आला.

वळण घेतल्यावर डावी भिंत संपली आणि तिला डावीकडची माती दिसली, ओली लाल, करवतीचे ताजे चरे असलेली. कुणीतरी चोरून पुन्हा मशीन लावून वाटेच्या कडेचेच चिरे काढून नेले होते. जिथे मागल्या फेरीला वळणापुरती ऐसपैस जमीन होती, तिथे आता खाली पाणी होतं. उजवी भिंत टाळायला मन्सूर सवयीने डावीकडेच सरकत होता.

तिने त्याचा खांदा घट्ट धरला. “गाडी थांबवा. ह्यांना डाव्या डोळ्यानं दिसत नाय.”

जीप थांबली. स्वरूपने बायकोला मागच्या बाजूने ओढून उतरवलं आणि दोघं भिंतीला चिकटून आल्या वाटेने निघून गेली. मनस्वीच्या मोबाइलवर व्हिडिओ अजून चालूच होता.

मन्सूर उतरला. तो चिडून म्हणाला, “धंदा बुडवलास माझा. तिकडं बैलगाडी जाईल येवढी जागा हाय, ये दाखवतो.” आणि तो बॉनेटला वळसा घालून तरातरा डावीकडे निघाला.

खतिजाने धावत जाऊन मागून त्याचा शर्ट धरला. त्याच्या चपलेखालचा दगड निसटला. बऱ्याच वेळाने खालून पाण्याचा आवाज आला.

तो तसाच उभा राहिला. राग कुठल्या कुठे गेला होता.

“डाव्याचं काय घेऊन बसलीस,” तो हळू म्हणाला. “उजव्यात पण धुकं हाय. पावसाळ्यापासनं. तुझ्या बोलण्यावरच चालवत होतो मी.”

खतिजाला आधी ते उमगलंच नाही. मग तिला गेला शुक्रवार आठवला.

“शुक्रवारी मागं शाळंची पोरं होती,” ती म्हणाली. “येताना मला डुलकी लागली होती. तेव्हा?”

“तेव्हा अल्लाच्या भरवशावर.”

खतिजा तिथेच कातळावर बसली, पण त्याचा शर्ट तिने सोडला नाही.