उडीचं बटण

"मानवी संस्कृती म्हणजे दुसरंतिसरं काही नसून बोटांचा इतिहास आहे," असं साहेबांनी बैठकीच्या सुरुवातीलाच जाहीर केलं आणि त्या इतिहासाला शोभेल अशा गांभीर्याने पडदा खाली घेण्यासाठी रिमोट दाबला. पडदा जागचा हलला नाही. एसी तेवढा बंद झाला.

बटणरावांनी उठून एसी लावला, पडदा हाताने ओढला आणि परत खुर्चीत टेकले. त्यांचं खरं नाव कचेरीत कुणाला आठवत नव्हतं. कंपनी कॉम्प्युटर गेम बनवायची, आणि खेळणाऱ्याच्या हातातल्या कंट्रोलरवर कुठल्या बटणाने काय होणार हे ठरवायचं काम त्यांच्याकडे होतं. म्हणजे ठरवायचं साहेबांनी आणि निस्तरायचं यांनी.

भांडण एका उडीचं होतं. गेमच्या तोंडालाच एक मोडका पूल होता आणि नायकाने तो उड्या मारत ओलांडायचा होता. बटणरावांना उडी पुढच्या बटणावर हवी होती, जिथे अंगठा आपोआप पडतो. साहेबांनी ती मागच्या बाजूला, तर्जनीखाली ठेवली होती. अंगठ्याच्या वाट्याला शिट्टी आली होती. त्यामुळे बाहेरचं कुणी खेळायला बसलं की नायक काठावर उभा राहून शिट्टी वाजवी आणि दरीत पडे. चारदोनदा असं झालं की ते माणूस पाणी मागून निघून जाई.

"माणसं कच्ची आहेत," साहेब म्हणत. "मी कधी पडलो का?"

"साहेब, आपल्याला आवडणं वेगळं आणि लोकांना जमणं वेगळं."

"जमेल. सवय लागते रे."

हे ऐकून बटणरावांचे कान किटले होते. आठवड्याअखेर गेम बाजारात जायचा होता. उडी मागेच राहिली तर लोक पहिल्या पुलावरूनच माघारी फिरणार, आणि पुढची डोंगर-दऱ्या-राजवाड्यांची सगळी मेहनत कुणी बघणारही नाही. "तसं झालं तर मी बटणं सोडतो, अक्षरांचे रंग निवडत बसतो," असं त्यांनी घरी सांगून टाकलं होतं. "बरंच आहे," बायको म्हणाली होती. "त्यात कुणी दरीत तरी पडणार नाही."

आज शेवटची चाचणी होती. नेमक्या साहेबांच्या थोरल्या ताई घराची किल्ली न्यायला आल्या, आणि साहेबांनी त्यांनाच धरलं.

"ताई खेळेल. ती जन्मात माझ्या बाजूने बोललेली नाही आणि तुला ओळखत नाही. याहून निःपक्षपाती माणूस कुठे मिळायचा?"

"छोट्या, मला किल्ली दे. गॅसवाला येणारे."

"एकच पूल, ताई."

'छोट्या' ऐकून बटणराव छताकडे बघत राहिले.

आधी बटणरावांची मांडणी झाली, त्यांच्या कंट्रोलरवर. ताईंनी एकदा नायकाला भिंतीवर आपटवलं, एकदा गोल फिरवलं, आणि मग अंगठा दाबत दाबत पूल पार केला. नंतर साहेबांची मांडणी. उडी मागे, शिट्टी पुढे, असं समजावून साहेबांनी तिच्यासाठी स्वतःच्या टेबलावरचा कंट्रोलर आणून दिला. तो ते कुणाला हात लावू देत नसत. ताईंची तर्जनी पहिल्या उडीला वेळेवर गेली. दुसऱ्या उडीला घाईत अंगठाच पडला आणि नायक दरीत.

"बघ, सवयीचा प्रश्न आहे," साहेब म्हणाले.

"ते असू दे. पुढचं दाबलं की शिट्टी वाजते म्हणालास ना? वाजली कुठे?"

"माझ्याकडे ती कधीच वाजत नाही. याने नीट बसवलेलीच नाही."

बटणरावांना आता खरंच थकल्यासारखं झालं. इतरांच्या कंट्रोलरवर शिट्टी वाजवून वाजवून पोरांनी कचेरी डोक्यावर घेतली होती. त्यांनी साहेबांचा कंट्रोलर उचलला आणि पुढचं बटण चाचपलं. ते आत रुतून बसलं होतं. कडेने काहीतरी चिकट सुकलेलं होतं.

ताईंनी वास घेतला. "सरबत. हा लहानपणापासून असाच, हातात पेला घेऊन घरभर."

साहेबांनी कंट्रोलर उलटा केला, सुलटा केला.

"कधीपासून?" बटणरावांनी विचारलं.

"काय की. मला वाटलं, ते बटण असंच असतं."

म्हणजे मागची उडी हे साहेबांचं तत्त्व नव्हतं. पुढचं बटण चालत नाही म्हणून बोट मागे गेलं, बोटापाठोपाठ मत गेलं आणि मतापाठोपाठ अख्खी कंपनी. ताई किल्ली घेऊन गेल्या.

"पुढे घे उडी," साहेब म्हणाले. "सगळ्यांसाठी."

बटणरावांनी बदल केला. आनंद व्हावा म्हणून थोडा वेळ बसूनही पाहिलं. झाला नाही. नुसते खांदे दुखत होते. ते पिशवी उचलून निघाले तेव्हा साहेब नव्या कंट्रोलरवर नवी मांडणी खेळत होते. तर्जनी सवयीने मागे जात होती, आणि नायक पुन्हा पुन्हा दरीत जात होता.

"अरे, ऐक ना," साहेब पडद्यावरची नजर न काढता हळूच म्हणाले. "एवढा पूल तेवढा तू ओलांडून देतोस का? पुढचं माझं मी बघतो."