फी संपली तो दिवस

कुणाचा मिंधा राहायचं नाही, एवढंच लेस्टर ड्वोराकचं तत्त्वज्ञान होतं. ओहायोत तीस वर्षं लोकांचे तुंबलेले पाइप मोकळे करून त्याने धंदा उभा केला, आणि ब्रिनच्या, म्हणजे त्याच्या एकुलत्या एक मुलीच्या, कॉलेजची पूर्ण फी भरायला सरोवराकाठचं आवडतं लाकडी घर विकून टाकलं. फीसवलत त्याला मिळण्यासारखी नव्हतीच. मिळाली असती तरी अर्ज केला नसता, असं तो न विचारता सांगायचा.

दर मार्चमध्ये या कॉलेजात ‘फी संपली’ दिवस पाळतात. त्या तारखेला म्हणे सगळ्यांची फी खर्चून संपते, आणि उरलेलं वर्ष जुन्या देणगीदारांनी ठेवून दिलेल्या पैशाच्या उत्पन्नावर निघतं. देणगीतून आलेल्या वस्तूंना लाल फीत बांधतात. बाकांना, पियानोला, तळघरातल्या बॉयलरलासुद्धा. दुपारी देणगीदारांना जेवण असतं. पालकही असतात. जेवणाआधी शिष्यवृत्तीच्या मुलांनी एकेक करून उभं राहून आभार मानायचे.

जेवणघराच्या दारातच ब्रिन म्हणाली, "बाबा, आज यादिराबरोबर मीही उभी राहणार आहे." यादिरा तिच्याच खोलीत राहायची, शिष्यवृत्तीवर शिकायची.

"तू कशाला? तुझी फी मी भरलीय. दमडीन् दमडी!"

"भरलीत हो. पण तेवढ्यात भागत नाही."

देणगी विभागाच्या ट्रूडी हॅलोरन बाई शेजारीच होत्या. त्या गोड हसून म्हणाल्या, "खरं आहे तिचं, मिस्टर ड्वोराक. एका मुलामागे आमचा जो खर्च होतो, त्यातला दोन तृतीयांश पूर्ण फीतून निघतो. बाकीचा दानठेवीतून, म्हणजे जुन्या देणग्यांच्या उत्पन्नातून."

"खर्च तुम्ही करणार, आणि आभार आम्ही मानणार! उद्या मी कुणाच्या नळाला सोन्याचा वॉशर बसवला आणि म्हटलं, निम्मे पैसे माझ्या आजोबांनी भरलेत, पाया पड, तर? तुमच्या अध्यक्षांच्या बंगल्यातला गालिचाही त्या खर्चात असेल."

"गालिचा आहे. पण बॉयलरही आहे."

 तो बॉयलर लेस्टरने सकाळी मुद्दाम खाली जाऊन पाहिला होता. असला महाग माल फीच्या पैशात बसत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला कळणार? तीन वर्षं आपली पोर कुणाच्या तरी पैशावर उबेत झोपतेय, या विचाराने त्याचा तिळपापड झाला.

"मग हे आम्हाला आधी का नाही सांगितलंत?"

"पूर्ण फी भरणाऱ्यांना ते ऐकायला आवडत नाही," बाई म्हणाल्या आणि माइककडे गेल्या.

सूप वाढून झालं. पहिलं नाव यादिराचं. ती उठली, आणि तिच्या मनगटावर लेस्टरला तीच लाल फीत दिसली. बाकाला बांधलेली, तीच.

ब्रिनही उठली.

"ब्रिन, बाळ, तुझं नाव यादीत नाहीये," माइकवरून बाई म्हणाल्या.

शेजारच्या टेबलावरचा एक बाप खिदळला. "पैसे मोजून भीक मागतेय पोरगी!"

लेस्टरचे कान तापले. पोरीची बाही ओढून तिला खाली बसवणं एका क्षणाचं काम होतं. तिला कुणापुढे असं उभं राहावं लागू नये म्हणून तर त्याने घर विकलं होतं. त्याचा हात पुढे झालाही. मग तोच हात टेबलावर टेकून तो उठला.

"यादीत माझंही नाव घाला. मीही घेतलंय. तीन वर्षं घेतोय, कळलं आज." आवाज नको तेवढा चढला होता, पण आता मागे कोण हटतो! "आणि हसणारे साहेब, तुम्हीही घेतलंय. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवता? एक तर सगळे उभे राहा, नाहीतर या पोरांना बसू द्या. सूप निवतंय त्यांचं."

"मिस्टर ड्वोराक, कृपा करून खाली बसा."

"बसतो की. आधी यादिराला बसवा."

देणगीदारांच्या टेबलावर कुणी हललं नाही. यादिराने एकदा बाईंकडे पाहिलं, एकदा लेस्टरकडे. आभाराचा कागद घडी करून बशीखाली सरकवला, खुर्ची पुढे ओढली आणि खाली बसून चमचा उचलला. ब्रिनही बसली.

यादिराने पहिला घोट घेतला, तेव्हाच लेस्टर बसला.