ताराबाईंचं एकुलतं एक पुस्तक

मी एक जुनी ट्रेडल मशीन आहे, हाताने एकेक कागद लावून छापणारी. माझा जन्म पंजाबातला, पण आयुष्य गेलं बीडच्या पेठेत, त्रिंबकरावांच्या छापखान्यात. मित्रांनो, मी लग्नपत्रिका छापल्या, पुढाऱ्यांची पत्रकं छापली. त्यातलं बहुतेक छापायच्या लायकीचं नव्हतं.

बावीस वर्षांपूर्वी लिंबागणेशकडच्या ताराबाई शाळेच्या वह्या घेऊन आल्या. मेंढरं वळता वळता त्यांनी आपलं जगणं लिहिलं होतं. त्रिंबकराव उभ्या उभ्याच वाचत राहिले आणि म्हणाले, "ताई, हे मी छापणार." तीनशे प्रती निघाल्या. माझ्या हातून झालेलं तेवढंच एक नीट काम.

तेव्हा प्राचार्य रामप्रसाद सर मुलीच्या लग्नपत्रिकेसाठी आले होते. त्रिंबकरावांनी त्यांच्या हाती पुस्तक दिलं. ते न उघडताच सरांनी त्यावर चहाचा कप ठेवला. "मेंढ्या वळणाऱ्या बाईचं काय वाचायचं बे, त्रिंबक?"

पुढे ऑफसेट आलं आणि मी कोपऱ्यात गेले. माझ्यावर रद्दी साठली. त्रिंबकराव मात्र दरवर्षी कुठल्या ना कुठल्या स्पर्धेला ते पुस्तक पाठवत राहिले. यंदा अखेर पुरस्कार मिळाला. पत्र वाचताना ते रडले. मग त्यांनी मला पुसून झेंडूची माळ घातली, पेढे आणले आणि छापखान्यातच ताराबाईंचा सत्कार ठेवला.

बावीस वर्षं इकडे न फिरकलेली माणसं त्या दिवशी दाराशी चपला काढायला जागा शोधत होती. फोटोत पुढे येण्यासाठी एकाने तर ताराबाईंनाच कोपराने मागे सारलं. रामप्रसाद सर छाती काढून बोलले, "ताईंची प्रतिभा प्रथम मीच ओळखली. नव्या आवृत्तीला प्रस्तावनाही मीच लिहिणार आहे."

लाज नावाची वस्तू या सरांना कुणी दाखवलीच नसावी.

ताराबाईंनी शांतपणे विचारलं, "सर, पुस्तक कशानं संपतंय, सांगता का?"

"अं... मेंढपाळांच्या संघर्षानं."

"न्हाई. माझ्या लेकीच्या नावानं संपतंय. मेंढरं घेऊन चारणीला गेलतो, तवा वाटंतच तापानं गेली ती. तिचं नाव दुसरीकडं कुटंच लिवलेलं न्हाई. तेवढ्यासाठी तर मी लिवायला शिकले."

सर घड्याळ बघू लागले.

त्रिंबकराव उठले. "सर, प्रस्तावना नको. पेढा घ्या आणि निघा."

नव्या आवृत्तीत शेवटचं पान तेच राहिलं, आणि पहिल्या पानावर कुणा मोठ्या माणसाचं नाव आलं नाही.

मित्रांनो, लेखक जिवंत आहे तोवर त्याचं पुस्तक उघडा. शाल, नारळ, भाषण यांच्यावाचून त्याचं काही अडत नाही. आणि वाचलं नसेल, तर निदान माईक तरी हातात घेऊ नका.