चिंचोक्यांनी मोजलेली माधुरी

"नुसती उंची आहे पोरीला, लक्ष म्हणून नाही!"

मला कान नाहीत, तरी उदयसिंह सरांचा हा आवाज अजून माझ्यात घुमतो.

मी एक जुनी फ्लॉपी आहे, मित्रांनो. तळहातात मावणारी, काळी, कपाळावर कागदाची पट्टी. पूर्वी कॉम्प्युटरमधली माहिती माझ्या पोटात ठेवून इकडून तिकडे नेत. १९९६ साली मी नवीन पनवेलला सरांच्या घरी आले. नोकरी सांभाळून सर संध्याकाळी कॉलनीतल्या मुलांना बास्केटबॉल शिकवत.

त्यांच्या कॉम्प्युटरवर बास्केटबॉलचा एक खेळ होता. त्यात खेळाडूंची नावं आणि गुण बदलता येत. सरांनी आपल्याच पोरांची नावं घातली आणि जो तो गुण मागू लागला.

"मला शंभर टाका, सर," शेजारच्या विचुंबे गावचा हरेश म्हणाला.

"नव्याण्णवच्या पुढे जात नाही रे."

"मग नव्याण्णव टाका. एक तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या, आमी कुठं जातो!"

सगळ्यांना नव्याण्णव मिळाले. फक्त उंच माधुरीच्या 'लक्ष' या रकान्यात सरांनी वीस टाकले.

सामना सुरू झाला, तर प्रत्येक चेंडू रिंगेत! दोनशे बारा, दोनशे आठ. पोरं जांभया देऊ लागली.

"खरे गुण घालू," सर म्हणाले. "मैदानात मोजून. तालुक्याच्या संघाची यादीही त्यावरच ठरेल."

मोजायचं काम माधुरीच्या थोरल्या बहिणीकडे, दिपाकडे आलं. ती डबा नि चिंचोके घेऊन बसली. चेंडू रिंगेत पडला की चिंचोका डब्यात, हुकला की मातीत. तोंडानं गुणगुणणं चालूच:

एक गं चिंचोका, डब्यात वाजला
दुसरा रुसून, मातीत निजला

सात दिवस मी सरांच्या खिशातून ते ऐकलं. घरी गेल्यावर रोज नवे आकडे माझ्या पोटात पडत. माधुरीचे आकडे विचित्र होते. रिंगेखालून दहातले नऊ. लांबून दहातला एक. ऊन उतरल्यावर तोही नाही. ते वीस मात्र तसेच राहिले. लक्ष काही चिंचोक्यांनी मोजता येईना.

शनिवारी पुन्हा सामना लावला. आता पडद्यावरचा हरेश दोन धावांतच दमला. "सर, ह्यो मीच हाय!" तो ओरडला. सगळे हसले. पडद्यावरच्या माधुरीने लांबून चेंडू भलतीकडेच भिरकावला. पुन्हा हशा. सरांनी यादीतलं तिचं नाव खोडायला पेन टेकवलं.

"थांबा ना, सर," दिपा म्हणाली. "लक्ष नसतं तर जवळूनही हुकली असती. ह्या खेळात डोळ्यांचा रकाना नाही का हो?"

दिपाने बहिणीचा हात धरला. "माधू, खरं सांग."

"मला लांबून रिंग दिसतच नाही, ताई. रिंगेमागच्या फळीवर चेंडू आपटला की आवाजावरून अंदाज घेते. चष्मा लागला तर सर खेळू देणार नाहीत, म्हणून..."

एवढं बोलून तिनं श्वास सोडला, जणू दोन वर्षं छातीवर ठेवलेला पाटा कुणी उचलला.

नाव यादीत राहिलं. चष्मा आला, मागून काळं इलॅस्टिक बांधलेला. पहिल्याच दिवशी ती लांबून वर बघत म्हणाली, "अय्या, जाळी फाटलीय की!"

मित्रांनो, आता मी ड्रॉवरमध्ये असते. मला वाचणारं यंत्रही घरात उरलेलं नाही. तक्रार नाही माझी. आमच्यापासून लोहचुंबक लांब ठेवा, त्यानं पोटातलं सगळं पुसलं जातं, एवढंच. आणि कुणाला गुण द्यायचे झाले, तर आधी शेजारी बसून दोन शब्द विचारा. माझ्या पोटात आकडे मावतात, पण आकड्यामागचं माणूस मला कुठून कळणार?

सरांनी मला शेवटचं उघडलं ते त्या चष्म्याच्याच आठवड्यात. माधुरी शेजारी उभी होती. त्यांनी ते वीस पुसले. नवा आकडा टाकायला बोट उचललं, पण ते हवेतच राहिलं. पडद्यावरची नजर न काढता ते म्हणाले,

"माधुरी, लक्ष नव्हतं ते माझं."