नऊ नंबर, बाहेर!

सामना सुरू होण्याआधीच रोशनी गांगुर्डे बँकेच्या कर्णधाराला म्हणाली होती, "समोरच्या कारखान्याच्या संघात आमचे मिस्टर आहेत. चालत नसेल तर आत्ताच सांगा."

कर्णधार हसला. "चालेल मॅडम. ते बसूनच असतात."

ठरलेले पंच तापाने आडवे झाले होते, म्हणून पी.टी. शिकवणाऱ्या रोशनीला ऐनवेळी बोलावणं गेलं. दोन हजार तीनच्या डिसेंबरातली ती दुपार. सातपूरच्या बास्केटबॉलच्या मैदानाभोवती माणसं कठड्यावर चढून बसली होती. शेवटचे अठरा सेकंद उरले, कारखाना एका गुणाने पुढे, आणि बँकेला दोन फ्री थ्रो मिळाले. रोशनीने चेंडू खेळाडूच्या हातात दिला.

नेमक्या त्याच क्षणी कारखान्याचे कोच सावळीराम मोरे ओरडले, "सहादूला काढा, दमलाय तो! समाधान, पळ!"

रोशनीचा नवरा समाधान बुटांच्या नाड्या सैल सोडून आरामात बसला होता. कशीबशी गाठ मारून तो थेट मैदानात घुसला.

रोशनीने शिट्टी फुंकली. "नऊ नंबर, बाहेर!"

"अगं, मी..." समाधान पुटपुटला.

"चेंडू हातात गेल्यावर बदली होत नाही. टेबलाजवळच्या खुर्चीवर बसा."

लोक खदखदून हसले. मोरे मात्र तावातावाने रेषेपर्यंत आले आणि एक पाय आत टाकला. टेक्निकल फाऊल दिला तर बँकेला आणखी फ्री थ्रो मिळून सामनाच मोरेंच्या हातून जाऊ शकत होता. रोशनी आवाज न चढवता त्यांच्याजवळ गेली.

"सर, तुमचा एक पाय मैदानात आहे. तो बाहेर घ्या, मग सांगा."

मोरेंनी खाली पाहिलं. पाय मागे घेतला आणि नकळत आवाजही खाली आला. "बरं, बरं. चालू द्या."

पहिला फ्री थ्रो हुकला. दुसरा कड्यावर आपटून उसळला आणि चेंडू पडला तो सहादूच्याच हातात! ज्याला दमला म्हणून काढायचं होतं, तो चेंडू टप्पे टाकत असा पळाला की बँकेचे दोघे त्याच्यामागे धापा टाकत राहिले. घड्याळ थांबेना, त्यामुळे बदलीही होईना. समाधान खुर्चीवर अर्धा उठून, अर्धा बसून ओरडत होता, "सोडू नको सहादू, सोडू नको!"

भोंगा वाजला. कारखाना जिंकला.

मोरे येऊन म्हणाले, "बाई, बरं झालं अडवलंत. माझ्याकडून घोटाळाच झाला असता." बँकेच्या कर्णधाराने तर फायनललाही याल का म्हणून विचारलं.

संध्याकाळी रसवंतीवर समाधान ओळखीच्या प्रत्येकाला थांबवून सांगत होता, "सगळ्यांसमोर हाकललं मला! माझ्याच बायकोनं!" सांगताना त्याची छाती चांगली दोन इंच पुढे आलेली.

"अहो, रस गरम होतोय," रोशनी म्हणाली. पण तिलाही ते पुन्हा एकदा ऐकायचंच होतं.