खळीत बसवलेलं भिंग

मित्रांनो, जवळ येणार असाल तर नाकाला रुमाल लावून या. माझ्या अंगाला आंबलेल्या खळीचा वास येतो आणि कितीही पुसलं तरी तो जात नाही. मी एक जुनी सागवानी पाटी आहे. फोटो काढायच्या मोठ्या कॅमेऱ्याला पुढच्या बाजूला जी चौकोनी फळी असते, जिच्यात भिंग बसवतात, ती मी. भिंगाचं कौतुक सगळ्यांना. ते कशात बसलंय हे कोण बघतं?

सोलापुरात साखर पेठेच्या तोंडाशी नारायणरावांचा स्टुडिओ होता. मला त्यांनी सुतारासमोर बसून करून घेतलं. माझ्या मधोमध गोल भोक, त्यावर स्क्रूंनी आवळलेलं पितळी कडं. कड्याला आतून आटे, आणि त्या आट्यांत भिंगाची नळी फिरवत घट्ट बसवायची. नारायणराव ते सोवळ्यातल्या माणसासारखं करत. आधी हात धुवायचे, कोरडे करायचे. बसवून झालं की नळी धरून हलवून बघायची. मग कॅमेऱ्याच्या घडीघडीच्या चामडी भात्यात डोकं घालून कुठून उजेड शिरतोय का ते शोधायचं. गिऱ्हाईक घाम पुसत ताटकळलेलं, आणि हे आपले निवांत. लोक कुरकुरत, पण फोटो हातात पडला की गप्प होत. फोटो काढावा तर नारायणरावांनीच, असं मिलच्या साहेबापासून शाळेच्या मास्तरांपर्यंत सगळे म्हणत. त्या कौतुकात माझाही वाटा होता. आज बोलून दाखवते, कारण पुढचं ऐकून तुम्हाला मळमळणार आहे.

नारायणरावांची दृष्टी गेली आणि स्टुडिओ त्यांच्या पुतण्याकडे, वेणीमाधवाकडे आला. दुकानात दुसरं एक मोठं भिंग होतं आणि त्याची पाटी तडकली होती. नवी करून घ्यायची तर सुताराकडे चार पावलं जावं लागलं असतं. ती कोण टाकणार? या ऐतोबानं माझं कडं उचकटलं, कानस घेतली आणि माझंच भोक मोठं केलं. पुढं ते मोठं भिंग विकून टाकलं आणि जुनं धाकटं भिंग पुन्हा माझ्यात बसवायला आला. बसतंय डोंबल! कडं आवळायला लाकूडच उरलं नव्हतं, स्क्रू धरणार कशाला?

मग स्वारीला युक्ती सुचली. शेजारी शांतम्माचा माग होता. सुताला ताठपणा यावा म्हणून विणकर पिठाची खळ शिजवून लावतात, आमच्या पेठेत ती दारोदारी मिळायची. यानं वाटीभर मागून आणली, चिंधी तीत बुडवली, नळीभोवती गुंडाळली आणि भिंग माझ्यात कोंबलं. कॅमेऱ्यात माग घातलास की काय रे, म्हणून शांतम्मानं दारातूनच विचारलं. हा फिदीफिदी हसला. आज वेळ मारून नेली, तीच रीत पडली.

शी! आठवलं तरी अंगावर काटा येतो. खळ आंबली, तिला बुरशी आली. झुरळं येऊन ती खात आणि खाल्लेल्या जागीच घाण करत. उन्हानं खळ भेगाळली की भिंग लोंबायचं. मग हा पान चघळत यायचा, चुन्यानं माखलेल्या अंगठ्यानं चिंधी आत दाबायचा आणि वर नवी खळ थापायचा. जुनी खरवडून काढायचं नाव नाही.

आमच्या भिंगावर एक टोपी असायची. टोपी काढली की उजेड आत जायचा, मनात मोजायचं आणि टोपी परत लावायची, की झाला फोटो. भिंग सैल असेल तर टोपीबरोबर तेही ओढलं जातं. फोटो फिसकटायचे. मग वेणीमाधव खुशाल गिऱ्हाइकाला सांगायचा, तुम्ही हललात. नवरी हलली, पोरं हलली, हेडमास्तरसुद्धा हलले. माणसं बिचारी ओशाळून जायची. नाचता येईना अंगण वाकडं! मला त्या खळीपेक्षा या बोलण्याची किळस जास्त यायची.

एका चैत्रात मैंदर्गीकडची केराबाई दारात येऊन उभी राहिली. धनगराची बाई. नवऱ्याला, सिद्धनाथला, तिनं इथल्या दवाखान्यात आणलं होतं आणि त्याच पहाटे तो गेला होता. गावाकडं न्यायला बैलगाडी जुंपून तयार होती. तिचा एकुलता एक मुलगा बिरदेव मेंढरं घेऊन दूरच्या मुलखात होता. निरोप पोचून तो परत येईपर्यंत माती थांबणार नव्हती.

"पोराला बापाचं तोंड बघाय घावणार न्हाय," ती म्हणाली. "फोटूत तेवढं तोंड नीट येऊ द्या, मालक. दुसरं काय बी नगं."

वेणीमाधव टांग्यात कॅमेरा टाकून गेला. सिद्धनाथला दवाखान्याच्या भिंतीला टेकवून बसवलं होतं. डोक्याला पटका, कपाळाला भंडारा. केराबाई शेजारी बसली आणि तिनं त्याचा खांदा धरला. ती श्वाससुद्धा जपून घेत होती. उन्हानं खळ तडकली होती आणि भिंग लोंबत होतं. मला ते कळत होतं आणि वेणीमाधवालाही दिसत होतं. थांबून पुन्हा बसवायचं, एवढंच करायचं होतं. त्यानं अंगठ्यानं दाबलं आणि टोपी ओढली. भिंग टोपीबरोबर निम्मं बाहेर आलं. यानं तसंच ते आत ढकललं, मोजलं, टोपी लावली आणि झालं म्हणाला. फोटो जिच्यावर उमटतो ती काचेची प्लेट त्यानं एकच आणली होती, दुसरी बरोबर नव्हतीच. गाडी निघून गेली.

बऱ्याच दिवसांनी केराबाई बिरदेवाला घेऊन स्टुडिओत आली. पोरगा उंचापुरा, खांद्यावर घोंगडं. त्यानं फोटो हातात घेतला. भिंत दुहेरी आली होती, पटका दुहेरी आला होता, आणि तोंडाच्या जागी फटीतून शिरलेल्या उजेडाचा पांढरा फराटा. त्यानं फोटो दारातल्या उजेडात नेला, लांब धरला, जवळ धरला.

"आये, ह्यात आबा कुटं हाय?"

वेणीमाधव पलीकडे प्लेटा पुसत होता. त्यानं मानसुद्धा वर केली नाही. नेहमीचं वाक्य जिभेवर तयारच होतं.

"हलले असतील ते. माणसानं जरा दम धरायला नको?"

केराबाईचा आवाज चढला नाही.

"मालक, मढं हलतंय व्हय?"

आता त्यानं वर बघितलं आणि त्याला ती ओळखू आली. बिरदेवानं फोटो टेबलावर ठेवला. केराबाईनं तो पुन्हा उचलला, पदराच्या आत घेतला आणि दोघं निघून गेली. त्या बापाचं तोंड आता कुठून आणायचं?

मित्रांनो, मला पुसा, जपा, असं मी म्हणणार नाही. माझं व्हायचं ते होऊन गेलं. तुमच्या हाती काही बसवायचं काम आलं, भिंग असो नाहीतर दाराची कडी, तर ते घट्ट बसवा. कंटाळा आला तर कंटाळा आला म्हणा, कुणी खात नाही. पण आपल्या हातून सैल राहिलं, तर समोर बसलेल्याला तू हललास असं सांगू नका.